थिजलेल्या लाव्ह्याचा गड

मुलांनो, जुन्नरचा जीवधन मी तिन्ही ऋतूंत पाहिलाय. पावसाळ्यात शेजारच्या नाणेघाटातून बघावं, तर गड ढगात गडप! वारा असा भन्नाट, की कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडतं. तेव्हा गडाच्या निसरड्या पायऱ्या मी चढत नाही. तुम्हीही चढू नका. हिवाळ्यात चढायला मजा येते. पण मला आवडतो रखरखीत उन्हाळा. गवत वाळलं, की कड्यावर एकावर एक आडवे थर दिसतात. हा सगळा लाव्हा, बरं का! जपानच्या फुजीसारखा तो शंकू होऊन साचला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पुन्हा पुन्हा वाहिला, पसरला आणि थिजला. शेजारचा वानरलिंगी सुळकाही त्याच दगडाचा. मे महिन्यात दुपारी त्या कातळाला हात लावून बघा. अजून चटका बसतो!