एका रविवारचा रस्ता

मार्चमधला दुसरा रविवार आला की केप टाउन अंधारातच जागं होतं. सिटी हॉलसमोरच्या ग्रँड परेडकडे जाणाऱ्या गल्ल्यांमधून हेल्मेटं, रंगीत जर्सी दिसू लागतात आणि मोकळ्या फिरणाऱ्या चाकांची टिकटिक ऐकू येते. उजाडता उजाडता पहिला गट सुटतो आणि मग काही मिनिटांच्या अंतराने गटामागून गट सुटतच राहतात. ३५ हजारांपर्यंत माणसं, प्रत्येकाची वेळ वेगळी मोजलेली. अंतर १०९ किलोमीटर, मुदत सात तासांची. नाव केप टाउन सायकल टूर. जुनी माणसं मात्र पूर्वीच्या प्रायोजक वर्तमानपत्राच्या नावाने अजूनही ‘आर्गस’च म्हणतात.

मी ही शर्यत पहिल्यांदा पाहिली ती मंडेला राष्ट्राध्यक्ष असताना. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून नुकतेच इथे आलो होतो. शेजारच्या बाई घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन रस्त्याच्या कडेला बसल्या, मलाही बोलावलं. अनोळखी माणसांसाठी त्या टाळ्या वाजवत होत्या, ओरडत होत्या. माझा मात्र घसा दाटून आला. इतक्या सायकली एकत्र मी लहानपणी खडकीला पाहिल्या होत्या, त्यानंतर कधीच नाही.

माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि सगळा रस्ता त्यांचाच होऊन जायचा. हँडलला डब्याची पिशवी, पँटच्या घोट्याला क्लिप, कॅरियरला अडकवलेली मेथीची जुडी. बाबा मला नळीवर बसवायचे. पायडल मारताना त्यांचा श्वास माझ्या केसांत लागायचा. त्या माणसांसाठी कुणी कधी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि तशी गरजही कुणाला वाटली नसेल. रस्ता त्यांचा होता, रोजचा होता. पुढे स्कूटरी आल्या, मग मोटारी, आणि सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात सायकलवाल्याला कडेच्या मातीत उतरावं लागलं.

आर्गसचा इतिहास कळला तेव्हा ही दोन दृश्यं माझ्या मनात कायमची जोडली गेली. १९७७ साली बिल मायलरे आणि जॉन स्टेगमन या दोघांनी केप टाउनमध्ये सायकलस्वारांची एक मोठी फेरी काढली. मागणी एकच होती, सायकलींसाठी वेगळे मार्ग हवेत. शेकडो लोक आले, शहराचे महापौरसुद्धा सायकलवर बसले. त्या फेरीतूनच पुढच्या वर्षी, २८ ऑक्टोबर १९७८ला, पहिली शर्यत झाली. ५२५ जणांनी नाव दिलं होतं. म्हणजे आज जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल शर्यतींत गणल्या जाणाऱ्या या सोहळ्याचं मूळ एका मागणीत आहे. मला या शर्यतीतलं सर्वांत मोलाचं काही वाटत असेल तर ते हेच.

मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी स्वतः उतरले. तयारीला सकाळचा वेळ मिळायचा, तोही थोडा. शर्यतीच्या दिवशी म्युझनबर्गनंतर डाव्या हाताला फॉल्स बेचं पाणी लागतं, पुढे नौदलाचं सायमन्स टाउन, मग चढ संपवून द्वीपकल्पाच्या पलीकडच्या, अटलांटिकच्या बाजूला उतरायचं. चॅपमन्स पीकचा रस्ता तर कड्यातच कोरलेला, ११४ वळणांचा. चढाला लागलं की बोलणं बंद पडतं. शेकडो माणसं शेजारी असतात आणि ऐकू येतो तो फक्त श्वास, चेनची करकर आणि कुणाचा तरी गिअर उशिरा पडल्याचा खाडकन आवाज. हाउट बेनंतरच्या सुइकरबॉसीच्या चढावर पाय संपलेले असतात. तिथे उतरून सायकल ढकलणारे पुष्कळ दिसतात, आणि बघे त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना चार पावलं पुढे नेतात.

पण मी वाट पाहायची ती त्याआधीच्या ओशन व्ह्यू या वस्तीची. वर्णभेदाच्या काळात, १९६७मध्ये, सायमन्स टाउन फक्त गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झालं आणि तिथल्या ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशी, ठरवलेल्या कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडायला लावून डोंगराआडच्या या वस्तीत आणून टाकलं. आपण सकाळी ज्या सुंदर बंदरावरून झपाट्याने आलो, ते यांच्या आजी-आजोबांचं गाव. आणि याच वस्तीतली मुलं रस्त्यावर येऊन हात पुढे करतात, टाळी मागतात. एका वर्षी एका आजींनी माझ्या बाटलीत पाणी ओतलं आणि माझं मनगट धरून त्या म्हणाल्या, “जपून जा, मुली, पुढे वारा आहे.” असं मला बाबांनंतर कुणी म्हटलं नव्हतं.

वारा खरोखरच असतो. इथला आग्नेय वारा माणसाला सायकलसकट उचलतो. २०१७च्या १२ मार्चला तो इतका पिसाळला की सुरुवातीच्या जागीच सायकली हातातून हवेत उडू लागल्या आणि शर्यत रद्द करावी लागली. त्याच सुमारास हाउट बेमधल्या इमिझामो येथू या पत्र्याच्या झोपड्यांच्या वस्तीत भयंकर आग लागून हजारो लोक बेघर झाले होते. स्पर्धकांसाठी आणलेलं पाणी, खाणं तिकडे पोचतं झालं. त्या दिवशी शर्यत झाली नाही, तरी मला ते वर्ष फुकट गेलं असं कधी वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र सलते. या शर्यतीचा पैसा चांगल्या कामांना जातो, हजारो लोक पुन्हा सायकलवर बसतात, हे सगळं खरं. पण १९७७ची मागणी अजून अर्धीच पुरी झाली आहे. काही रस्त्यांवर पट्टे आखले गेले, बरेच रस्ते तसेच राहिले. शिवाय वर्णभेदाने कष्टकऱ्यांना शहरापासून इतकं लांब ढकललं की खायेलित्शासारख्या वस्तीतून कामावर येणाऱ्याला ३० किलोमीटर तुडवावे लागतात, तेही भरधाव गाड्यांच्या शेजारून. ज्याला सायकलची सर्वांत जास्त गरज, त्याच्या वाट्याला सर्वांत धोक्याचा रस्ता. खडकीच्या कामगारांना घर ते कारखाना हे अंतर बेताचं होतं, म्हणून तर तो लोंढा शक्य झाला. शहर कसं वसवलं जातं त्यावरच कोण पायडल मारू शकेल हे ठरतं, हे मला दोन शहरांत राहिल्यावर उमगलं.

माझी मुलगी आता ऑब्झर्वेटरी या उपनगरातून रोज सायकलने कामावर जाते. तीही आर्गसला जाते, माझ्यापेक्षा पुष्कळ वेगाने. परवा तिच्या रस्त्यावर सायकलींसाठी वेगळा पट्टा मिळावा म्हणून महापालिकेला द्यायचा अर्ज घेऊन आली. म्हणाली, “आई, तूही सही कर, तुझ्या ओळखीच्यांकडेही ने.” मी सही केली, आणि शर्यतीत भेटलेल्या जुन्या मैत्रिणींची यादी काढून एकेकीला फोन लावायला बसले आहे.