दोन थेंब तेल

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा वसतिगृहातील पहाटेच्या घंटेविषयी, गार पाण्याच्या हौदाविषयी लिहावे असे ठरविले होते. ते इतरांनी लिहिलेच असेल. मला लिहायचे आहे ते माझ्या जुन्या मोटारीतून गेल्या हिवाळ्यात येऊ लागलेल्या एका आवाजाविषयी.

माझ्याकडे सासऱ्यांची ॲम्बॅसडर मार्क टू आहे. मूळच्या इंग्लिश मॉरिस ऑक्सफर्डवरून बंगालात उत्तरपाड्याला घडविलेली ही गाडी. आजच्या गाड्यांत वीज निर्माण करायला अल्टरनेटर असतो. हिच्यात डायनामो आहे. इंजिन सुरू केले की बॉनेटखालून खरखर येई आणि वेग वाढवला की ती किंचाळीवर जाई. दोन ठिकाणी दाखविली. एकाने वॉटर पंप बदलायला सांगितले, दुसऱ्याने गाडीच बदलायला.

तेव्हा त्याची आठवण झाली. तो आणि मी वसतिगृहात एका खोलीत होतो. नववीत असताना त्याचे वडील गेले आणि तो एका गॅरेजमध्ये कामाला लागला. आज अकोल्यात त्याचे स्वतःचे गॅरेज आहे. माजी विद्यार्थ्यांची यादी आम्ही दहावीच्या निकालपत्रकांवरून केली होती, म्हणून तिच्यात त्याचे नाव नव्हते. यादी करणाऱ्यांत मीही होतो, हे लपविण्यात अर्थ नाही.

“जयभीम सर,” तो म्हणाला. चाळीस वर्षांपूर्वी ज्याच्या ताटातली भाकरी मी हक्काने उचलली, त्याने मला ‘सर’ म्हणावे, हे मनाला लागले.

त्याने लांब पेचकसाचे टोक डायनामोच्या अंगावर टेकवले आणि मूठ कानाला लावली. मग तसेच वॉटर पंपावर. नंतर इंजिन बंद करून फॅन बेल्ट उतरवला आणि मिनिटभरच पुन्हा चालवले, कारण त्याच पट्ट्यावर पंपही फिरतो. पट्टा नसताना इंजिन तापते. आवाज गेला होता. म्हणजे दोष या दोहोंपैकी एकात. त्याने दोन्ही पुल्या हाताने फिरवून पाहिल्या. पंपाची गुळगुळीत फिरली. डायनामोची फिरवताना बोटांना वाळू लागावी तसे लागले.

डायनामो उघडला. पुलीच्या बाजूचे छर्ऱ्यांचे बेअरिंग कोरडे पडले होते. ते नवे बसवायचे ठरले. पण खरा घात मागच्या बाजूला होता. तिथे छर्रे नसतात, सच्छिद्र ब्राँझचा एक लहानसा बुश असतो. तो झिजून आर्मेचर खाली बसले होते आणि आतल्या लोखंडाला घासत होते. घासल्याच्या चकचकीत रेघा त्याने मला दाखविल्या.

“मागे हे छिद्र दिसतं? यात तेल कधी घातलं होतं, सर?”

छिद्र मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

“दोनच थेंब लागतात. जास्त घातलं तर कार्बन ब्रशवर जातं, तेही वाईट.”

मायकेल फॅरडे मी पंचवीस वर्षे शिकवितो आहे. तो विषय खरे तर विज्ञानाच्या शिक्षकांचा, पण औद्योगिक क्रांतीच्या धड्याला मी त्याला आवर्जून जोडून घेतो. लोहाराचा मुलगा, चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार, बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकलेला. १८३१ साली चुंबकापासून वीज मिळविणारा. मुले भारावून ऐकतात. त्याच शोधाचे यंत्र माझ्या बॉनेटखाली तेलावाचून झिजत होते आणि ते कानाने ओळखणारा माणूस माझ्या यादीत नव्हता.

नवा बुश लगेच बसवता येत नाही. तो चोवीस तास इंजिन ऑईलमध्ये भिजवावा लागतो, म्हणजे तेल त्याच्या छिद्राछिद्रांत शिरते. मला मुक्काम करावा लागला. रात्री त्याच्या घरी जेवताना त्याच्या मुलीने विचारले, “बाबा शाळेत हुशार होते का?” मी होय म्हणालो. गणितात तो माझ्या पुढे होता, हेही सांगितले. त्याने मान खाली घातली. “तिला नको सांगूस रे असलं काही,” तो म्हणाला. ‘सर’ तिथे सुटले.

दुसऱ्या दिवशी त्याने कम्युटेटर साफ केला, बेअरिंगमध्ये ग्रीस भरले, भिजलेला बुश बसवला. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. अर्धा इंच दबला. किल्ली मी फिरवली. इंजिनाचा वेग वाढताच समोरचा लाल दिवा विझला. खरखर नव्हती. मजुरी त्याने घेतली, आणि पुरती घेतली. मला ते बरे वाटले.

त्याचे नाव मी यादीसाठी पाठविले आहे. ‘उत्तीर्ण झाल्याचे वर्ष’ या रकान्यात काय लिहावे, असे कार्यालयातून विचारले गेले, म्हणून त्याला फोन केला.

“राहू दे रिकामा,” तो म्हणाला. “तू त्या छिद्रात तेल घातलंस का, ते सांग.”