आधी पोट, मग पुस्तक?

बीएड केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून मास्लोचा त्रिकोण काढायला सांगा, तो काढून दाखवील. तळाला शारीरिक गरजा, त्यावर सुरक्षितता, त्यावर प्रेम आणि आपलेपणा, मग प्रतिष्ठा, आणि अगदी टोकाला आत्मवास्तविकीकरण नावाचा तो जिभेला गाठ मारणारा शब्द. आमच्या वेळी मानसशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न हमखास यायचा. आकृतीला गुण असायचे म्हणून आम्ही पट्टी आणि टोक केलेली पेन्सिल घेऊन जायचो. पुढे टीईटी आली, तिच्या तयारीच्या पुस्तकांतही हा त्रिकोण होताच. शिक्षकी पेशात शिरताना जणू तो दारावरच लावलेला आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. या वर्षी हा त्रिकोण मला परीक्षेच्या बाहेर, एका बैठकीत भेटला. आमच्या भागातली काही जाणती आणि सचोटीची माणसं रमजानच्या आधी गरजू मुलांच्या घरी राशनचे किट देतात. आटा, तांदूळ, डाळ, तेल, साखर, खजूर. जूनमध्ये वह्या आणि दप्तरं देतात. मी त्यांच्याकडे एक लोखंडी कपाट, त्यात मावतील तेवढी मराठी-उर्दू गोष्टींची पुस्तकं आणि ‘किशोर’ मासिकाची वर्गणी मागितली होती. हाजीसाहेब प्रेमानेच म्हणाले, "आपा, पहले पेट. किताबें तो बाद की बात है." त्यांच्या शेजारी बसलेल्या तरुण इंजिनिअरने पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्रिकोण काढला आणि तळाच्या पट्टीवर पेन टेकवून म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर हे शिकलेल्या आहात. आपली मुलं अजून इथे आहेत."

त्या वाक्याचा मला राग आला नाही. पण ते डोक्यातून जाईना. म्हणून मी घरी आल्यावर नोट्स बाजूला ठेवून अब्राहम मास्लोचा मूळ लेख वाचायला घेतला. १९४३ साली ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात तो आला होता. त्यात त्रिकोण नाही, आकृतीच नाही. तो त्रिकोण पुढे व्यवस्थापनवाल्यांनी काढला. १९६० साली चार्ल्स मॅकडर्मिड नावाच्या एका सल्लागाराने उद्योगजगताच्या मासिकात, पैशाने कामगाराला कामाला कसं लावायचं याबद्दल लेख लिहिला, त्यात तो दिसतो. म्हणजे ज्या चित्रावर आपण वर्गातली मुलं तोलतो, ते पगारपत्रकाच्या शेजारी जन्माला आलेलं आहे.

मास्लोने लिहिलं ते बरंच सैल आणि माणसाळलेलं आहे. एक गरज शंभर टक्के भागली की मग दुसरी जागी होते, हा समज खोटा आहे असं तो स्वतःच सांगतो. उदाहरण म्हणून, आणि केवळ समजावण्यासाठी धरलेले आकडे आहेत असं बजावून, तो म्हणतो की सामान्य माणसाची शरीराची गरज ८५ टक्के, सुरक्षिततेची ७०, प्रेमाची ५०, आत्मसन्मानाची ४० आणि टोकाची ती गरज १० टक्के भागलेली असावी. सगळ्या गरजा एकाच वेळी अर्ध्यामुर्ध्या भागलेल्या आणि अर्ध्यामुर्ध्या उपाशी. आपल्या गल्लीतल्या कुठल्याही घराचं याहून खरं वर्णन मला सुचणार नाही. पुढे तो हेही लिहितो की हा क्रम काही लोकांत उलटा होतो. काहींना प्रेमाआधी सन्मान हवा असतो, काहींची निर्मितीची ओढ बाकी सगळं कमी असूनही थांबत नाही, आणि एखाद्या तत्त्वासाठी सर्वस्व सोडणारेही असतात. हे अपवाद आमच्या नोट्समध्ये नव्हते. त्रिकोणात त्यांना जागाच कुठे आहे?

आता मास्लोच्या बाजूनेही बोललं पाहिजे. भूक ही भूकच असते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. ते तरुण स्वखुशीने आले होते, शिकलेले आणि धडधाकट होते. काही आठवड्यांतच त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही उरलं नाही. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, वाढलेल्या ताटाशी तास तास खेळायचे. ज्याने सकाळच्या तिसऱ्या तासाला रिकाम्या पोटी बसलेलं मूल पाहिलंय, त्याला हे सांगावं लागत नाही. डोळे फळ्यावर असतात आणि मूल दुसरीकडेच असतं. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ ला शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली आणि २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुलांच्या ताटात शिजवलेलं अन्न आलं, ते उगीच नाही. खिचडीचं पातेलं उघडलं की शाळेचा आवाज बदलतो. तेव्हा किट बंद करा असं मी म्हणत नव्हते आणि कधी म्हणणारही नाही.

पण रमजानमध्ये माझ्या वर्गाकडे बघा. अकरा वाजता दोन मुलं शेजारी शेजारी बसलेली आहेत. दोघांचं पोट रिकामं. एकाचा पहिला रोजा आहे. पहाटे अम्मीने त्याला सहरीला उठवलंय, संध्याकाळी रोजाकुशाई आहे, गळ्यात हार पडणार आहे, नानी येणार आहे, आणि त्याचं सगळं लक्ष आपला रोजा मोडत नाही ना याकडे आहे. तो हात वर करून उत्तरं देतोय, कारण आज तो मोठा झालाय. दुसरा वयाने लहान आहे, त्याचा रोजा नाही. घरात सकाळी काही नव्हतं एवढंच. तो बाकावर डोकं टेकवून आहे आणि कुणी विचारलं तर "रोजा है" म्हणतो. भुकेच्या मापात दोघे सारखे आहेत. त्रिकोण दोघांना एकाच पट्टीवर बसवील. पण पहिल्याच्या भुकेला अर्थ आहे, सोबत आहे, आणि ती त्याने स्वतः पत्करलेली आहे. दुसऱ्याला पोटापेक्षाही जास्त सांभाळायची आहे ती इज्जत, म्हणून तो खोटं बोलतोय. भूक लागलेली असतानाच तो प्रतिष्ठेची गरज भागवतोय.

हा फरक ज्यांनी शास्त्राच्या भाषेत मांडला ते दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन. त्यांच्याकडे पायऱ्या नाहीत. माणसाच्या मनाच्या तीन मूलभूत गरजा ते सांगतात. आपण करतोय ते आपल्या मर्जीने करतोय असं वाटणं, आपल्याला काही जमतंय असं वाटणं, आणि आपण कुणाचे तरी आहोत असं वाटणं. या तिन्ही गरजा सगळ्यांना आणि एकाच वेळी लागतात, गरिबालाही आणि श्रीमंतालाही. पहिल्या रोजाच्या मुलाकडे त्या दिवशी तिन्ही होत्या.

याहून मजेची गोष्ट खुद्द मास्लोच्या गुरूची आहे. मास्लोने १९३४ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातून पीएचडी घेतली ती माकडांच्या वर्तनावर, आणि त्याचे मार्गदर्शक होते हॅरी हार्लो. याच हार्लोंनी पुढे १९५८ मध्ये माकडांच्या पिल्लांवरचा प्रसिद्ध प्रयोग मांडला. आईपासून तोडलेल्या पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, तिच्याकडे दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, तिच्याकडे काहीच नाही. पिल्लं भूक लागली की तारेच्या आईकडे जायची, दूध प्यायची आणि लगेच परत येऊन कापडाच्या आईला बिलगायची. दिवसाचा बहुतेक वेळ तिथेच. प्रयोग क्रूर होता, तो वाचताना माझ्यातल्या आईचा जीव गोळा झाला. पण तळाची पायरी भरली की मगच वरची जागी होते, हे त्या मुक्या पिल्लांनाही मान्य नव्हतं.

आपल्या मराठीतच याचं उदाहरण आहे. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे मांग समाजातली, चौदा वर्षांची. तिच्या लोकांना अन्न, निवारा, जिवाची शाश्वती यातलं काय होतं? त्रिकोणाच्या हिशेबाने तिने आधी भाकरीची सोय बघायला हवी होती. तिने निबंध लिहिला. १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, आणि त्यात तिने आमचा धर्म कोणता असा देवालाच सवाल केला. तिची एक आठवण सांगितली जाते, की बक्षीस म्हणून खाऊ द्यायला आलेल्या गोऱ्या साहेबाला तिने खाऊऐवजी ग्रंथालय मागितलं. आणि आपल्या बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल? कुणी क्लीनर म्हणून, कुणी गिरणीकामगार म्हणून त्याच्याकडे पाहिलं असेल. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ज्याच्या आवाजाने पेटल्या, तो शाहीर अमर शेख हाच. पगार पुरेसा झाल्यावर तो गायला लागला नव्हता.

पुढच्या बैठकीत मी हाजीसाहेबांशी मास्लोच्या नाही, त्यांच्या ओळखीच्या भाषेत बोलले. इमाम गझालींनी, आणि त्यांच्यानंतर ग्रॅनाडाच्या शातिबींनी, माणसाच्या गरजांचे तीन थर सांगितले आहेत. जरूरियात, म्हणजे ज्यांच्यावाचून चालतच नाही. हाजियात, ज्यांच्याने जगणं सोपं होतं. आणि तहसीनियात, म्हणजे सजावट. पहिल्या थरात पाच गोष्टी राखायला सांगितल्या आहेत: दीन, जीव, अक्ल, वंश आणि माल. मी विचारलं, "हाजीसाहेब, अक्ल कोणत्या थरात आहे?" ते हसले. पहिल्या थरात, जिवाच्या शेजारी. जुन्या किताबांत अक्ल राखण्याखालची चर्चा बरीचशी नशाबंदीची आहे, हे मला ठाऊक आहे, आणि ते त्यांनी काढलंही. मी म्हटलं, बिघडू द्यायची नाही हे खरंच, पण उपाशी ठेवली तर तीही मरेल की. इंजिनिअर गप्प होता. खजिनदारांनी मात्र हिशेबाची वही पुढे केली. कपाटाच्या पैशात अमुक इतकी किट बसतात, मग कोणत्या घराचं नाव मी खोडू, ते तुम्ही सांगा. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. निर्णय ईदनंतरवर गेला आहे.

मला खटकतं ते त्यांचं देणं नाही. गरिबाच्या मुलाला काय हवं, हे त्याला न विचारताच आपल्याला कळतं, हा विश्वास खटकतो. आपल्या स्वतःच्या मुलांना आपण चित्रकलेचा क्लास लावतो, सहलीला पाठवतो, वाढदिवसाला गोष्टीचं पुस्तक देतो, आणि तेव्हा आपल्याला एकही पायरी आठवत नाही. ती आठवते फक्त दुसऱ्याच्या मुलाच्या वेळी. सरकारी कागदांतही हेच दिसतं, समाजाच्या सभांतही. आपल्या समाजाचं मागासलेपण मोजायला येणारे लोकही आधी पोटच मोजतात. पोट दिसतं आणि मोजता येतं, हेही त्याचं कारण असेल.

म्हणून मी सातवी आणि आठवीच्या मुलांना कोरे कागद दिले. नाव लिहायचं नाही, भाषा कोणतीही, मला कशाची गरज आहे ते लिहायचं. अर्धा तास वर्ग शांत होता, एरवी जे माझ्या दटावण्यानेही होत नाही. बूट, स्वेटर, पंखा, वेळेवर पाणी हे सगळं त्यात होतं. कुणी मोबाईल मागितला, कुणी सायकल, एकाने सरळ "पैसा" एवढंच लिहून घडी घातली. एका कागदावर लिहिलं होतं की बदली शिक्षक येतात तेव्हा त्यांनी माझं नाव नीट घ्यावं, मुलं हसतात. एकीने लिहिलं की घरात मला एकटीला बसायला कोपरा हवा, बिड्यांची सुपं नसतील असा. एकाला अब्बूंनी एकदा शाळेत यायला हवं होतं, तक्रारीसाठी नाही, असंच. एका मुलाने भाकरी आणि चित्रकलेचे रंग एकाच ओळीत, मध्ये स्वल्पविरामही न देता लिहिले होते. आणि एका चिठ्ठीवर, अक्षरावरून मला ती कुणाची ते कळलं पण सांगणार नाही, उर्दू लिपीत दोनच ओळी होत्या. तिला एक पुस्तक हवं होतं. मराठी चालेल, उर्दू चालेल, फक्त ते परत द्यावं लागू नये.