माघातली छाटणी

डोंबिवलीतल्या आमच्या गॅलरीतला मोगरा चार वर्षं नुसता पानांनी भरलेला होता. रोज पाणी, महिन्याला खत, तरी उन्हाळाभरात मोजून दहा-बारा फुलं. आईला केसांत माळायला हवा म्हणून आणलेलं रोप, पण तिचा गजरा बाजारातूनच यायचा.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीअखेर पालघर जिल्ह्यातल्या विक्रमगडला गेले होते. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याच्या बागा फुलवल्या आहेत. पहाटे खुडलेल्या कळ्या दादरच्या फुलबाजारात जातात. एका बागेत सगळी झाडं गुडघ्याएवढी छाटलेली पाहून मी हळहळले. तिथल्या मावशी म्हणाल्या, "ताई, जुन्या फांदीला फूल कुठून येणार? नवी फूट पाहिजे. आधी पाणी तोडा."

घरी आल्यावर आठ दिवस पाणी तोडलं. पानं मलूल झाली तसा माझा जीव वरखाली होत होता. मग धारदार कात्रीने प्रत्येक फांदी पेराच्या जरा वर, तिसरा हिस्सा कापली. वाळक्या, बारीक काड्या काढल्या, उरलेली पानं हातानेच खुडली. वरची माती उकरून दोन मुठी जुनं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळली, आणि कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत पाणी दिलं. गॅलरीत उरला तो काड्यांचा सांगाडा. आई काही बोलली नाही, पण रोज सकाळी कुंडीपाशी जाऊन उभी राहायची.

दहाव्या दिवशी तिनेच हाक मारली. प्रत्येक पेराला समोरासमोर मोहरीएवढे दोन लालसर-हिरवे ठिपके फुटले होते. मार्चच्या मध्यात त्याच कोवळ्या फुटीच्या टोकांना तीन-तीन कळ्या आल्या; मधली आधी टपोरी झाली, बाजूच्या दोन तिच्या मागून. पाडव्याला आईच्या केसांत घरच्या 21 कळ्यांचा गजरा होता. संध्याकाळी त्या उमलल्या तेव्हा देवघरापर्यंत वास गेला.

तुमच्याकडे मोगरा असेल, तर थंडी ओसरायला लागताच त्याची छाटणी करा, आणि कुंडी पाच-सहा तास थेट ऊन मिळेल अशा जागी ठेवा. कात्री लावताना हात कचरेल, पण कचरू देऊ नका. मोगरा फुलतो तो नव्या फुटीवरच.