दहावा माणूस

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी चोपडीशेजारी आणखी एक वही पाटावर ठेवली जाते. ती हिशेबाची नाही, हजेरीची आहे. २००९ सालची. कडा कुरतडलेल्या, पुठ्ठ्यावर सिमेंटचे डाग. नव्या सुनेनं पहिल्याच दिवाळीत विचारलं, "ही कशाला, बाबा?" मी "असू दे" एवढंच म्हणालो. ते उत्तर अर्धवट होतं. उरलेलं इथं लिहितो.

मी बेळगाव जिल्ह्यातला एक लहान कंत्राटदार. वडील गवंडी होते. ओळंबा आणि थापी एवढाच त्यांचा वारसा. मी पुढं नगरपालिकांची किरकोळ कामं घेऊ लागलो. गटारं, फुटपाथ, शाळेची कंपाउंडं. त्या वहीचं कुठलंही पान उघडा, कधी सात नावं आहेत, कधी आठ, फार तर नऊ. दहा कधीच नाहीत. प्रत्यक्षात माझ्या कामावर बारा-चौदा माणसं राबत असत.

हा नऊचा आकडा आम्हा कंत्राटदारांना पाठ होता. बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ साली झाला. कर्नाटकात त्याचे नियम २००६ साली आले आणि कल्याण मंडळ २००७ साली. मागच्या बारा महिन्यांत एक दिवस जरी दहा माणसं लावली, तरी कायदा लागू. मग साठ दिवसांत कामगार खात्यात नोंदणी करायची, रजिस्टरं ठेवायची, सुरक्षेचे नियम पाळायचे, तपासनीस आला तर दाखवायचे. नऊवर थांबलं की यातलं काहीच नाही. निविदेबरोबर मीही लिहून देत असे, "दहापेक्षा कमी कामगार." खाली सही आणि शिक्का.

गंमत अशी, की बांधकामाच्या खर्चावरचा एक टक्का उपकर माझ्या प्रत्येक बिलातून कापला जात होता. तो पैसा कामगारांच्या मंडळाकडं जाई. मी चहाच्या टपरीवर त्याबद्दल कुरकुर करीत असे. पण ज्यांच्यासाठी तो जात होता, त्यांना त्यातला एक रुपयाही मिळायची वाट मीच अडवून धरली होती, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आलं असेल, तर मी ते बाजूला सारलं.

कामगाराला मंडळाचं ओळखपत्र हवं असेल, तर वय अठरा ते साठ असावं लागे आणि वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागे. तो दाखला मालकानं द्यायचा. २००९ च्या मे महिन्यात आमचा एक बिगारी असा फॉर्म घेऊन माझ्याकडं आला. गोकाकच्या बाजूचा, घरी कन्नड बोलणारा, माझ्याशी मोडकं मराठी. बरोबर बायको होती. ती म्हणाली, "अण्णा, सही माड्री." सही हा शब्द दोन्ही भाषांत एकच, कळलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. पण त्याला दाखला दिला तर बाकीचेही येणार, आणि मग नऊचे चौदा कागदावर उतरणार. मी म्हणालो, "पावसाळा होऊ दे, बघू." फॉर्म घडी घालून त्यानं खिशात ठेवला.

जुलैत गटाराचं काम चालू होतं. काळी माती. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ती सांगायला नको. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि उभा कापलेला तिचा काठ कधी दगा देईल याचा भरवसा नसतो. निविदेच्या पुस्तकात मागच्या पानांवर सगळं छापलेलं होतं. दीड मीटरहून खोल चर असेल तर बाजूंना उतार द्या, नाहीतर फळ्या लावून आडवे टेकू द्या. काढलेली माती काठापासून दीड मीटर तरी लांब टाका. चरात शिडी ठेवा. ती पानं मी कधी उलटली नव्हती. चर सहा फूट खोल होता, माती काठावरच ढीग करून टाकली होती, आणि फळ्या गोडाऊनमध्ये होत्या.

दुपारी तीनच्या सुमारास काठ बसला. तो कमरेपर्यंत गाडला गेला. आम्ही सगळ्यांनी हातांनी माती उपसली. फावडं मारायची भीती वाटत होती. जीव वाचला. उजव्या मांडीचं हाड मात्र मोडलं, आणि पाय पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही.

त्या दिवशीच्या हजेरीत त्याचं नाव नव्हतं. विम्याची पॉलिसीही नऊ माणसांचीच. मंडळाकडं अर्ज करायचा, तर ओळखपत्र नाही. दवाखान्याचा खर्च आणि पुढची भरपाई मी केली. कायद्यानं ती माझ्यावर होतीच, त्यात उपकार काही नव्हता. एका संध्याकाळी त्याच्या बायकोनं पिशवीतून तोच घडी घातलेला फॉर्म काढला आणि विचारलं, आता सही केली तर चालेल का? मला तिच्याकडं बघवलं नाही.

आठवड्याभरात मी नोंदणीचा अर्ज आणला. तो कन्नडमध्ये होता. सीमाभागात ही सबब मोठी सोयीची असते; मीही ती बरीच वर्षं वापरली होती. आपल्या भाषेत कागद मिळावेत ही मागणी खरी आहे, ती सोडायचं कारण नाही. पण चराचा काठ भाषा विचारून कोसळत नाही. मुलगी तेव्हा आठवीत होती, कन्नड शिकत होती. ती वाचून दाखवू लागली. मराठीतला गुत्तेदार तिकडं गुत्तिगेदार, कामगार तिकडं कार्मिक. आणि नोंदणी? तीही नोंदणीच. इतकी वर्षं ज्या शब्दाला बिचकत होतो, तो आमचाही होता.

एका रकान्यापाशी ती थांबली. कुठल्याही एका दिवशी जास्तीत जास्त किती कामगार असतील? "बाबा, किती लिहू?"

मी म्हणालो, "चौदा." तिनं लिहिलं. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही.

पुढं काम महाग झालं. फळ्या, टेकू, हेल्मेटं, गमबूट, रजिस्टरं. दोन-तीन कामं दर जास्त पडला म्हणून हातची गेली. पण माणसांचे दाखले मी मागण्याआधी देऊ लागलो. तो स्वतः पुन्हा चरात उतरू शकला नाही. माझ्या गोडाऊनवर राखणीला राहिला. त्याच्या मुलाला ओळखपत्र मिळालं, त्या फॉर्मवरची सही माझीच.

आता तो जुना कायदा स्वतंत्र राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी सुरक्षा संहिता लागू झाली, तीत तो सामावला. कंत्राटी कामगारांच्या परवान्याची मर्यादा वीसवरून पन्नासवर गेली. परवा एका तरुण कंत्राटदारानं मला हसत सांगितलं, "काका, आता एकोणपन्नासपर्यंत काळजी नाही." मी त्याला घरी बोलावून ती वही दाखवली.

वहीच्या त्या जुलैच्या पानावर नवव्या नावाखाली मी नंतर दहावं नाव लिहिलं आहे, वेगळ्या शाईनं. सरकारी दृष्टीनं ती खाडाखोड ठरेल. म्हणून ती वही कुठल्या कचेरीत जात नाही. वर्षातून एकदा पाटावर येते, हळदकुंकू घेते आणि कपाटात जाते. सूनबाई, म्हणून ती असू दे.