काशीचे पान, घरची वेल

काशीहून परतणारा यात्रेकरू गंगाजलाचा गडू बरोबर आणतो आणि तेथे खाल्लेल्या विड्याची गोष्ट पुष्कळ दिवस सांगत राहतो. पान जिभेवर ठेवताच विरघळले, असे तो म्हणतो, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नसते. परंतु ज्या पानाने वाराणसीचे नाव देशभर केले, ते पुष्कळदा वाराणसीत पिकलेले नसते. बिहारमधील गया, नवादा, नालंदा या जिल्ह्यांतील मळ्यांत मगही पान वाढते आणि वाराणसीच्या बाजारात येते. तेथे ते टोपल्यांत रचून त्याला बेताची ऊब देतात. हळूहळू हिरवेपणा ओसरतो आणि पान पिवळसर पांढरे व मऊ होते. मगही पानाला २०१८ साली आणि बनारसी पानाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पहिला मान मळ्याचा, दुसरा या शहराच्या हातांचा म्हणावयास हरकत नाही.

या पानवेलीचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. मळेकरी तिची लागवड बियांपासून करीत नाहीत. वेलीचा तुकडा मातीत खोवावा, त्याला मुळे फुटावीत आणि त्या नव्या वेलीचा तुकडा पुन्हा पुढे लावावा, अशा रीतीने तिचा वंश चालत आला आहे. आपल्या तबकातील विड्याचे पान म्हणजे कोणा अज्ञात मळेकऱ्याने पूर्वी लावलेल्या वेलीचीच पुढची वाढ होय. मधल्या एखाद्या पिढीने आळस केला असता, तर ती वेल तेथेच संपली असती.

वाराणसीच्या लंगडा आंब्याचीही गत अशीच. त्याची कोय पेरून उगवलेले झाड मूळ झाडासारखेच फळ देईल असा भरवसा नसतो. म्हणून त्याचे कलमच करावे लागते. शहरापासून सुमारे १० किलोमीटरवरील सारनाथ येथे तर याहून मोठी कथा उभी आहे. तेथे १९३१ साली मूलगंधकुटी विहार उघडला, तेव्हा श्रीलंकेतील अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचे रोप लावण्यात आले. महावंस या पाली ग्रंथानुसार, अनुराधपूरचा तो वृक्ष सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेहून नेलेल्या फांदीचा. बोधगयेचा जुना वृक्ष १८७६ साली वादळात कोसळला. आज तेथे आहे तो त्यानंतर लावलेला. दूर दिलेल्या फांदीचा वंश मात्र समुद्र ओलांडून मायदेशी परत आला.

एवढी थोर गोष्ट आपल्या घरातील कुंडीतही लहान प्रमाणात घडू शकते. पानवेल लावण्यास पावसाळ्याचा आरंभ उत्तम. निरोगी वेलीचा तीन-चार पेरांचा तुकडा घ्यावा आणि खालच्या पेराच्या किंचित खाली धारदार सुरीने कापावा. मुळे पेरांतूनच फुटतात. खालची पाने काढून एक-दोन पेरे मातीत जातील असा तो लावावा. माती भुसभुशीत, शेणखत मिसळलेली असावी आणि कुंडीच्या तळाला भोक असावे; पाणी साचले की तुकडा कुजतो. कुंडी सावलीत, उजेडाच्या जागी ठेवावी. माती ओलसर राहील एवढेच पाणी द्यावे. तीन-चार आठवड्यांत नवा कोंब दिसू लागला, की चढण्यास काठी द्यावी. उत्तरेकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी कडाक्याच्या थंडीत किंवा उन्हाळी झळा वाहत असताना ही लागवड करू नये.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. तुकड्याबरोबर मूळ वेलीचे गुण येतात, तसे तिचे रोगही येतात. ज्या वेलीचा बुंधा काळा पडून कुजत असेल, तिचा तुकडा कितीही आग्रहाने दिला तरी घेऊ नये.

वेल खिडकीच्या गजांवर चढली, की सणावारी विड्यासाठी बाजार गाठावा लागणार नाही. तेव्हा तिचे दोन तुकडे शेजारच्या घरीही द्यावेत. एखाद्या उन्हाळ्यात आपली कुंडी सुकून गेली, तर तीच वेल परत मागावयास एक दार तरी उघडे राहील.