कोंबडी, पेरू आणि बग

तर मंडळी, "गेले चार वीकेंड कुठे गायब आहेस?" असं ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना आज एकदाच उत्तर देऊन टाकतो. मी गावी कोंबड्या झाकत होतो. हसा, हसा. टीममध्ये पण सगळे असेच हसले होते.

आमचं गाव निफाड तालुक्यात. दर डिसेंबरात टीव्हीवर "निफाडचा पारा घसरला" अशी बातमी येते ना, तेच निफाड. पहाटे ५-६ अंश म्हणजे आमच्याकडे नेहमीचंच, कधी त्याच्याही खाली. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करतात. अशा थंडीत आमच्या आजीच्या कोंबड्यांनी ठरवलं की आपण खुराड्यात झोपायचं नाही. गोठ्याच्या पत्र्यावर उडी, तिथून पेरूच्या झाडावर, आणि रात्रभर तिथेच! अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा.

हे दिवाळीनंतर सुरू झालं. आधी कोणी मनावर घेतलं नाही. मग एका आठवड्यात रानमांजराने दोन कोंबड्या नेल्या. (म्हणजे तेराच्या अकरा झाल्या.) आमच्याकडे उसात बिबट्याही असतो, त्यामुळे रात्री अंगणात फार वेळ रेंगाळायची सोय नाही. पण आजी कुठली ऐकते! रोज रात्री बॅटरी घेऊन, दगडावर चढून एकेक कोंबडी खाली काढायची आणि खुराड्यात टाकायची. वय वर्षं चौऱ्याहत्तर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हायचं तेच झालं. दगड हलला, आजी पडली, मनगट मोडलं, प्लास्टर.

आप्पांनी निकाल दिला. "संक्रांतीपर्यंत सगळ्या विकून टाका. आणि आईला पुण्याला ने."

आता शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, गावात बाईच्या कोंबड्या म्हणजे तिचा स्वतःचा बँक बॅलन्स. अंड्यांचे पैसे ती कोणाला विचारून खर्च करत नाही. मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी कॅल्क्युलेटर घेतला तो त्याच पैशांतून. आजी निकालावर काहीच बोलली नाही. नुसती प्लास्टरवरून हात फिरवत बसली. म्हटलं, चला, संक्रांतीपर्यंतचा वेळ आहे आपल्याकडे. एवढे प्रॉडक्शन इश्यू सोडवले, हाही सोडवू!

पहिला वीकेंड. माझं निदान : खुराडं थंड आहे. विटांचं बांधकाम, वर पत्रा, आणि आतल्या बाजूने टोमॅटोच्या जुन्या पेट्यांच्या फळ्या. मी सगळ्या फटी गोणपाटाने बुजवल्या, आत पिवळा बल्ब लावला. वा! एकदम उबदार. संध्याकाळी सहाला सगळ्या कोंबड्या दारापर्यंत आल्या, आत डोकावल्या आणि पेरूवर गेल्या.

दुसरा वीकेंड. यावेळी वाचून गेलो. कोंबडीचा मूळ पूर्वज रानकोंबडा, तो रात्री झाडावर बसतो. त्यामुळे तिला जमेल तेवढी उंच जागा हवी असते. खुराड्यातल्या दांड्या खाली आणि बाहेर पेरू उंच, तर ती पेरूच निवडणार. लॉजिकल! मी सुतळीने बांबू बांधून वर दांड्या केल्या. अंधार पडल्यावर कोंबडीला फारसं दिसत नाही, त्यामुळे झाडावरून उचलली तरी ती फार धडपड करत नाही. एकेक उचलून आत ठेवल्या आणि दार लावलं. सकाळी दार उघडलं तर डोळ्यांत चरचरेल असा वास, भिंतींवर ओल. आणि कोंबड्या अशा बाहेर पळाल्या जणू काही आग लागलीये. संध्याकाळी? पेरू.

आजी ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "तुरे पांढरे पडले रे त्यांचे. अंडी पण कमी झाली." मी म्हटलं, "थंडीमुळे असेल." ती गप्प बसली.

इथे एक गोष्ट कबूल करतो. मला मनातून वाटत होतं की या कोंबड्या मूर्ख आहेत. आपण एवढं करतोय आणि यांना कळत नाही. सपोर्ट कॉलवर युजरबद्दल वाटतं ना, अगदी तसंच.

तिसरा वीकेंड. म्हटलं आता डेटा पाहिजे. खुराड्यात तापमानाचा सेन्सर आणि छोटा कॅमेरा लावला. शनिवारी रात्री फुटेज बघितलं. एक तांबडी कोंबडी आत आली, दांडीवर बसली. दोन मिनिटांत पाय झाडायला लागली, पंखाखाली चोच खुपसून टोचायला लागली, आणि निघून गेली. सेन्सर सांगत होता, बाहेर ८, आत १४ अंश. म्हणजे ऊब होती, तरी ती गेली.

सेन्सर जरा सरकवावा म्हणून रात्री अकरा वाजता बॅटरी घेऊन हात आत घातला. दांडीला धरलं. बाहेर काढला तर मनगटापर्यंत काहीतरी वळवळतंय. बॅटरी मारली तर मिरपुडीएवढे लाल ठिपके, आणि ते चालतायत! चोळले तर हाताला रक्त लागलं. ते रक्त कोंबड्यांचं होतं.

ओरडतच घरात आलो. आजीने हात दिव्याखाली धरला आणि म्हणाली, "पिसवा झाल्यात." दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना फोटो दाखवला. ते म्हणाले पिसवा नाहीत, हे रेड माइट. दिवसा हे फटीत, गाठीत, लाकडाच्या सांध्यात लपून बसतात आणि रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितात. म्हणून दिवसा कितीही तपासा, कोंबडीच्या अंगावर काही सापडत नाही. उबेत आठवडा-दहा दिवसांत नवी पिढी तयार. उपाशी राहिले तरी महिनोन्‌महिने जगतात. तुरे पांढरे पडलेले, अंडी कमी झालेली, सगळ्याचा हिशोब लागला.

आणि आता माझी कामगिरी बघा. त्यांना लपायला मी बांबूची पोकळ टोकं दिली, सुतळीच्या गाठी दिल्या, गोणपाट दिलं, वर बल्ब लावून ऊब दिली. कोंबड्यांसाठी म्हणून जे जे केलं ते सगळं माइटच्या सोयीचं! बग तर होताच, मी त्याला एसी रूम बुक करून दिली :-)

थंडीचंही माझं गणित चुकलं होतं. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. पिसं फुगवून, पायांवर बसून ती निफाडची थंडी आरामात काढते. तिला बाधते ती ओल. श्वासाची आणि विष्ठेची वाफ बाहेर जायला डोक्याच्या वर झरोका लागतो, फक्त अंगावर थेट वारा नको. मी नेमका तो झरोकाच बुजवला होता.

पुढचं काम आजीने ओट्यावर बसून सांगितलं, मी केलं. गोणपाट, बांबू, पेट्यांच्या फळ्या बाहेर काढून जाळल्या. विटांच्या फटींतून ज्योत फिरवली, वर चुना मारला. डॉक्टरांनी दिलेलं औषध फवारलं, आणि अंड्यांतून फटी शोधत राहणाऱ्यांचा बंदोबस्त व्हावा म्हणून आठवड्याने पुन्हा. नवीन दांड्या रंधा मारलेल्या चपट्या पट्टीच्या, म्हणजे कोंबडी बसली की पाय पिसांखाली झाकले जातात. भिंतीला टेकू न देता, पेरूच्या फांदीएवढ्या उंच. वरचा झरोका मोकळा. कोपऱ्यात राख-मातीची पाटी, लोळायला.

मग तीन दिवस कोंबड्या आतच, दाणापाणी आत. चौथ्या दिवशी दुपारी सोडल्या. हे आप्पांनी केलं, मी पुण्यात होतो. संध्याकाळी साडेसहाला मीटिंगमध्ये फोन वाजला. आप्पा एवढंच म्हणाले, "नऊ आत गेल्या. दोन बसल्यात पेरूवर. तुझी आजी नाचायची बाकी आहे."

चौथ्या वीकेंडला गेलो तेव्हा त्या दोघीही आत होत्या. कोंबड्या विकायचा विषय आप्पांनी परत काढलेला नाही.

एक राहिलं. मागच्या उन्हाळ्यात आजी पुण्याला माझ्याकडे महिनाभर राहायला आली होती आणि नवव्या दिवशी परत गेली. "म्हाताऱ्या माणसांचा हट्ट" म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. यावेळी रात्री ओट्यावर शेकत बसलो होतो, तेव्हा विचारलं, "आजी, तू का गेलीस गं तेव्हा?"

ती हसली. म्हणाली, "तुझी फरशी लई गुळगुळीत रे. रात्री उठले की भिंत धरत धरत जायची. पडले तर तुला सुट्टी काढावी लागली असती."

"मग सांगायचं ना मला!"

"तू विचारलं कुठे?"

असो. आज रविवार. सकाळी जाऊन बाथरूमसाठी खरबरीत मॅट आणि भिंतीला धरायचा दांडा घेऊन आलोय. ड्रिल मशीन शेजाऱ्यांकडून आणायचंय. चला, पुढच्या वीकेंडला भेटू.